विमानसेवेतील भाकरी : नऊ दशकांचा मागोवा

१६ जुलै २०२४ रोजी मुंबईत कलिना येथे तरुणांची अलोट गर्दी लोटली. विमानतळावर सामानाची चढउतार करणाऱ्या कामगारांच्या भरतीसाठी त्या दिवशी थेट मुलाखती ठेवल्या होत्या. जागा दोन हजारांच्या आसपास होत्या आणि उमेदवार पंचवीस हजारांहून अधिक आले, असे वृत्तपत्रांनी छापले. चेंगराचेंगरीची वेळ आली, तेव्हा अर्ज ठेवून घेऊन मुलांना परत जाण्यास सांगण्यात आले. काम अंगमेहनतीचे आणि तेही ठरावीक मुदतीच्या करारावरचे. तरीही त्या रांगेत पदवीधर मुले उभी होती.

ज्या कलिन्यात ही गर्दी झाली, तेथेच एअर इंडियाच्या कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत होती. तेथे दोन-दोन पिढ्यांनी संसार केले. विमान कंपनीत नोकरी लागली म्हणजे आयुष्याची चिंता मिटली, असे त्या काळी मानले जाई. वांद्रे, कलिना, सहार, मरोळपासून वसईपर्यंतच्या आपल्या अनेक घरांत आजही गणवेशातले एखादे छायाचित्र भिंतीवर दिसते. ते वडिलांचे असेल, मावशीचे किंवा थोरल्या भावाचे असेल. त्या छायाचित्रातली नोकरी आणि २०२४ मधली ती रांग यांच्यामध्ये काय घडले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

टपालाच्या थैलीतून आरंभ

आपल्या देशातील नियमित विमानसेवेचा आरंभ माणसांच्या वाहतुकीने झालेला नाही, तो टपालाने झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून एका छोट्या ‘पस मॉथ’ विमानातून टपाल घेऊन उड्डाण केले आणि अहमदाबादमार्गे ते जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे ते टपाल मद्रासला पोहोचवले. लंडनहून कराचीपर्यंत इम्पीरियल एअरवेजने आणलेली पत्रे पुढे नेणे, एवढेच या सेवेचे काम होते. जुहूला झावळ्यांनी शाकारलेली एक शेड होती आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे वैमानिक व कारागीर होते. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली गेले की सारा पसारा पुण्याला हलवावा लागे.

१९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात या सेवेने सुमारे १,६०,००० मैल उड्डाण केले. त्या वर्षी टपाल साडेदहा टनांहून अधिक वाहून नेले आणि प्रवासी अवघे १५५. विमानसेवेला पहिली भाकरी मालवाहतुकीने मिळवून दिली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे प्रवाशांच्या झगमगाटात मालवाहतूक मागे पडली आणि तिच्यावर जगणारी माणसेही नजरेआड झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेली डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली, तेव्हा अनेकांनी विमान कंपन्या काढल्या. परवाने सढळ हाताने दिले गेले, पण तितके काम मात्र नव्हते. १९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने ही दुरवस्था सरकारपुढे मांडली. अखेर १ ऑगस्ट १९५३ रोजी राष्ट्रीयीकरण झाले. देशांतर्गत सेवा देणाऱ्या आठ कंपन्या ‘इंडियन एअरलाइन्स’ या महामंडळात विलीन झाल्या आणि परदेशी उड्डाणांसाठी ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ हे दुसरे महामंडळ स्थापन झाले.

या घटनेकडे आपण सहसा मालकीच्या दृष्टीने पाहतो. नोकरदाराच्या दृष्टीने पाहिले तर वेगळीच गोष्ट दिसते. आठ कंपन्या संपल्या, तरी तेथील माणसे रस्त्यावर आली नाहीत. त्यांना नव्या महामंडळाच्या सेवेत घेण्याची तरतूद कायद्यातच करण्यात आली होती. कंपनी बुडाली तरी कामगार बुडू नये, ही जबाबदारी त्या वेळी सरकारने आपल्या शिरावर घेतली. पुढील इतिहास वाचताना या गोष्टीची वारंवार आठवण होते.

स्थैर्याची चार दशके

१९५३ पासून सुमारे चाळीस वर्षे विमानसेवेतील नोकरी म्हणजे सरकारी नोकरीचे स्थैर्य आणि परदेशाचे वलय यांचा संगम होता. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार, कुटुंबासाठी विमानाची तिकिटे, उपाहारगृह आणि वसाहतीतील घर हे सारे त्या नोकरीसोबत मिळे. कामगार संघटना बळकट होत्या. सांताक्रूझचा विमानतळ, आणि १९८१ मध्ये सुरू झालेले सहारचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल ही दोन्ही ठिकाणे ईस्ट इंडियन गावठाणांच्या शेजारीच होती. गावाच्या शेतजमिनी गेल्या, पण गावच्या मुलामुलींना विमानतळावर कामही मिळाले. मिशनच्या शाळांत शिकलेल्या मुलांचे इंग्रजी त्यांच्या उपयोगी पडले. कोणी तिकीट खिडकीवर बसले, कोणी हँगरमध्ये यंत्रे दुरुस्त करू लागले, तर कोणी स्वयंपाकगृहात प्रवाशांच्या जेवणाचे डबे भरू लागले.

मालवाहतुकीचेही एक वैभवाचे पान याच काळातले आहे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालाची व्यवस्था सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून रात्री निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. त्या विमानांचे वैमानिक, यंत्रज्ञ आणि थैल्या उचलणारे कामगार यांनी वर्षानुवर्षे रात्री जागून काढल्या. पुढे १७ एप्रिल १९७३ च्या रात्री अमेरिकेत फेडरल एक्सप्रेस या कंपनीने मेम्फिस येथे हेच तत्त्व अवलंबून काम सुरू केले. पहिल्या रात्री १४ विमाने, २५ शहरे आणि १८६ पाकिटे होती. आज त्या कंपनीत जगभर लाखो माणसे काम करतात. आपली नागपूरची व्यवस्था मात्र १९७० च्या दशकात बंद पडली. त्यातून मालवाहतुकीचा मोठा उद्योग उभा राहिला असता, तर विदर्भाच्या मुलांना किती रोजगार मिळाला असता, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

स्थैर्याच्या या काळातही सर्वांना समान न्याय नव्हता. हवाईसुंदरीची नोकरी वयाच्या ३५ व्या वर्षी संपे. रुजू झाल्यापासून चार वर्षांच्या आत विवाह केला किंवा पहिल्यांदा दिवस गेले, तर त्याआधीच संपे. तिच्या शेजारी तेच काम करणारा पुरुष मात्र ५८ व्या वर्षापर्यंत सेवेत राही. नर्गेश मिर्झा व त्यांच्या सहकारी या नियमांविरुद्ध न्यायालयात गेल्या. २८ ऑगस्ट १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणामुळे नोकरी संपवणारी अट अन्याय्य ठरवून रद्द केली. चार वर्षांच्या आत लग्न न करण्याची अट मात्र न्यायालयाने उचलून धरली. पुढचा लढा आणखी अनेक वर्षे चालला. विमानातील कर्मचारीवर्गाचे प्रमुखपद स्त्रियांनाही मिळू शकते, यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला २०११ साल उजाडावे लागले. आज तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई असलेली स्त्री गणवेश घालून निर्धास्तपणे कामावर जाते, त्यामागे या स्त्रियांचा तीस वर्षांचा झगडा आहे.

वैमानिकांच्या आसनावरही स्त्रिया याच काळात पोहोचल्या. नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्या साथीने कलकत्त्याहून सिल्चरला विमान नेले. त्या विमानातील सर्व कर्मचारी स्त्रिया होत्या. आज वैमानिकांमधील स्त्रियांचे प्रमाण जगातील सरासरीच्या दुपटीहून अधिक असलेला देश म्हणून भारताची गणना होते.

यंत्र आले, माणूस उतरला

विमानाच्या नाकाशी असलेल्या त्या चिंचोळ्या कक्षात एकेकाळी पाच माणसे बसत. दोन वैमानिक, एक उड्डाण-अभियंता, एक मार्गदर्शक आणि एक रेडिओ-अधिकारी असा तो चमू असे. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हाचा काळ हा होता. प्रथम बिनतारी यंत्रे सोपी झाली आणि रेडिओ-अधिकाऱ्याची गरज संपली. १९७० च्या दशकात बोइंग ७४७ विमानांबरोबर आपली दिशा आपणच शोधणारी उपकरणे आली आणि ताऱ्यांवरून मार्ग काढणारा मार्गदर्शक अनावश्यक ठरला. १९८९ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात एअरबस ए-३२० दाखल झाले. त्या जातीच्या विमानांत उड्डाण-अभियंत्याची जागाच नव्हती. अशा रीतीने पाचांचे दोन झाले. जमिनीवरही तेच घडत गेले. संगणकावर आरक्षण सुरू झाले आणि पुढे प्रवासी आपले तिकीट घरूनच काढू लागला, तेव्हा तिकीट खिडकीवरचे हात रिकामे झाले.

यंत्राने काम काढून घेतले त्या वेळी कायम सेवेतील माणसाला दुसरे काम मिळे. नव्या माणसाची भरती तेवढी थांबे. त्यामुळे घाव कोणाला जाणवला नाही. तो पुढच्या पिढीवर पडला.

खुले आकाश आणि खुला बाजार

बदलाचे वारे प्रथम अमेरिकेतून आले. तेथे १९७८ मध्ये विमानवाहतुकीवरील सरकारी नियंत्रण उठले. भाडी उतरली, प्रवासी वाढले, परंतु ईस्टर्न आणि पॅन ॲम यांसारख्या नामवंत कंपन्या १९९१ मध्ये बंद पडल्या. नेमक्या त्याच सुमारास आपल्याकडे खाजगी कंपन्यांना दार उघडले. १९९२ मध्ये ईस्ट वेस्ट, १९९३ मध्ये जेट एअरवेज, दमानिया, मोदीलुफ्त अशी विमाने आकाशात दिसू लागली. १ मार्च १९९४ पासून १९५३ चा कायदा रद्द झाला आणि सरकारी मक्तेदारी संपली. अधिक पगारासाठी अनेक अनुभवी वैमानिक व अभियंते सरकारी नोकरी सोडून गेले. परंतु काही वर्षांतच ईस्ट वेस्ट, दमानिया आणि मोदीलुफ्त ही नावे पुसली गेली.

जुन्या व्यवस्थेचे दोषही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एअर इंडियात सुमारे अठरा हजार कर्मचारी होते आणि विमाने तीसही नव्हती. २००७ मध्ये दोन्ही सरकारी कंपन्यांचे विलीनीकरण झाले, तेव्हा कर्मचाऱ्यांची एकूण संख्या तीस हजारांवर होती. हा बोजा शेवटी करदात्याच्या खिशावर पडत होता, आणि विमानात कधीच न बसलेला शेतकरीही त्या करदात्यांत होता. एकाची सुरक्षितता दुसऱ्याने किती काळ वाहावी, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता.

२००३ नंतर स्वस्त विमानसेवांचा काळ आला. एअर डेक्कन, स्पाइसजेट, गोएअर, इंडिगो या कंपन्यांनी मध्यमवर्गाला रेल्वेतून उचलून विमानात बसवले. नोकऱ्या वाढल्या हे निर्विवाद आहे. मात्र त्यांचे स्वरूप बदलले. सामान चढवणे, विमान धुणे, चाकांची खुर्ची ढकलणे, पहारा देणे ही कामे हळूहळू ठेकेदारांकडे गेली. एकाच विमानाभोवती चार वेगवेगळ्या मालकांचे कामगार दिसू लागले. त्यांच्या अंगावरचे जॅकेट सारखे दिसले, तरी वेतनाची चिठ्ठी वेगळी असते.

कंपनी बुडते तेव्हा

ऑक्टोबर २००८ मध्ये जागतिक मंदीच्या सावटात जेट एअरवेजने प्रथम आठशे कर्मचाऱ्यांना कमी केले आणि आणखी अकराशेंना कमी करण्याचे जाहीर केले. गणवेशातील तरुण मुलेमुली रस्त्यावर आली, राजकीय पक्ष पुढे सरसावले आणि दोन दिवसांत कंपनीने निर्णय मागे घेतला. तो विजय अनेकांना कायमचा वाटला. परंतु ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे वेतन थकलेले होते.

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईला उतरले. सुमारे सोळा हजार माणसांचे काम गेले. घराचे हप्ते, मुलांची शाळा, आईवडिलांची औषधे यांचे वेळापत्रक मात्र थांबले नाही. वैमानिकांना दुसरीकडे जागा मिळाल्या. यंत्रज्ञांनाही मिळाल्या. पन्नाशीतील कारकुनाला आणि सामान उचलणाऱ्याला त्या सहजासहजी मिळाल्या नाहीत.

२०१६ च्या दिवाळखोरी कायद्याचा अर्थ या कुटुंबांना तेव्हा कळला. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली, तर आधी त्या प्रक्रियेचा खर्च वजा होतो. त्यानंतर ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांचे २४ महिन्यांचे देणे तारण असलेल्या सावकारांच्या बरोबरीने येते. इतर कर्मचाऱ्यांचा क्रम त्यांच्या खाली लागतो आणि तोही १२ महिन्यांपुरता. भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटीचे पैसे कर्मचाऱ्यांना द्यावेत, हा अपिली न्यायाधिकरणाचा आदेश जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला, एवढा दिलासा मिळाला. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने कंपनीची मालमत्ता विकून कारभार गुंडाळण्याचा आदेश दिला. साडेपाच वर्षे ती कंपनी पुन्हा उडेल या आशेवर माणसे थांबली होती. दरम्यान मे २०२३ मध्ये गो फर्स्टची विमानेही थांबली होती.

१९५३ मध्ये आठ कंपन्या गेल्या तेव्हा कायद्याने माणसांना सामावून घेतले होते. २०१९ मध्ये माणसांनी वकील लावून आपला क्रमांक येण्याची वाट पाहिली. दोन काळांतील अंतर याहून अधिक स्पष्ट करण्याची गरज नाही.

महामारीचे वर्ष आणि मालाची विमाने

२५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी उड्डाणे बंद राहिली. इंडिगोसारख्या भक्कम कंपनीनेही त्या जुलैत दहा टक्के कर्मचारी कमी केले. एअर इंडियाने बिनपगारी रजेची योजना आणली, जी पाच वर्षांपर्यंत वाढवता येत होती. परंतु त्याच दिवसांत मालवाहू विमाने अहोरात्र उडत होती. औषधे, तपासणीचे साहित्य आणि प्राणवायूची यंत्रे त्यांनीच वाहिली. एरवी बराचसा माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. ती विमाने जमिनीवर बसल्यामुळे मालाच्या विमानांना आणि त्यांच्या माणसांना मोल आले. अमेरिकेतही प्रवासी कंपन्यांत नोकऱ्या जात असताना मालवाहू कंपन्यांत त्या वाढत होत्या. १९३२ ची टपालाची थैली अशा रीतीने पुन्हा एकदा उपयोगी पडली.

यानंतर २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे गेली. त्या वेळी तिच्यात १२,०८५ कर्मचारी होते आणि त्यांपैकी ४,००१ कंत्राटी होते. पहिल्या वर्षी कोणालाही काढायचे नाही आणि दुसऱ्या वर्षी काढायचे तर स्वेच्छानिवृत्ती द्यायची, अशी अट विक्रीत होती. विक्रीनंतर वसाहतीतील घरे मात्र सोडावी लागणार होती. ज्या अंगणात मुले वाढली, ते अंगण आपले कधीच नव्हते, हे अनेक घरांना उतारवयात उमगले.

पुढच्या पिढीसाठी

आज परिस्थिती निराशेची नाही. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. मार्च २०२४ मध्ये एकट्या इंडिगोकडे साडेतीनशेहून अधिक विमाने व पस्तीस हजारांहून अधिक कर्मचारी होते. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. त्याच डिसेंबरच्या आरंभी वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पाळण्याइतके वैमानिक हाताशी नसल्यामुळे इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि प्रवाशांचे अतोनात हाल झाले. माणसे कमी ठेवून केलेली काटकसर शेवटी कोणाला भोवते, याचा तो धडा होता.

काही सुधारणाही झाल्या आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनुसार ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यालाही एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. पूर्वी त्यासाठी पाच वर्षे लागत आणि करार मात्र बहुधा तीन वर्षांचा असे. हा हक्क ठाऊक नसेल, तर तो असून नसल्यासारखाच.

आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी विमानतळावर नोकरीला निघेल, तेव्हा आपण सहसा विचारतो, ‘कोणत्या कंपनीत?’ नऊ दशकांचा इतिहास सांगतो की कंपनीचे नाव ही सर्वांत कमी टिकणारी गोष्ट आहे. त्याऐवजी वेगळे प्रश्न विचारावेत. नेमणूकपत्रावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे? करार किती मुदतीचा आहे? निर्वाह निधीची रक्कम दरमहा खात्यात जमा होते का? हातात येणारे कौशल्य दुसऱ्या मालकाकडेही चालेल का? परवानाधारक यंत्रज्ञाला कंपनी बुडाल्यावरही काम मिळाले, ते त्याचे ज्ञान त्याच्या स्वतःच्या मालकीचे होते म्हणून. आणि ज्यांच्याजवळ असे प्रमाणपत्र नव्हते, त्यांना थोडेफार मिळाले ते एकजुटीने लढल्यामुळेच.

कलिन्याच्या त्या रांगेतील बहुतेक मुले अर्ज देऊन घरी परतली. ज्यांना काम मिळाले, ती आज रात्रपाळीत कुणाच्या तरी पेट्या विमानात चढवत असतील. पुढच्या वेळी आपण प्रवासाला निघू, तेव्हा खिडकीतून खाली वाकून पाहावे. आपले विमान आकाशात जाते, ते आधी त्यांच्या खांद्यावरून.